डाग खाली, गळती वर

पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पहिल्यांदा दिसला, तेव्हा मूठभर राख टाकून मी तो झाडून काढला आणि विसरलो. आठवड्यात डाग बशीएवढा झाला. गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्बोरेटरची, एमएच १३ पासिंगची. एका गॅरेजमध्ये दाखवली. चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची, पॅकिंग गेली म्हणाले. पॅकिंग बदलली, डाग तसाच. दुसऱ्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी खाली वाकून बॅटरी मारली आणि सांगितले, “मागचं ऑइल सील गेलंय सर. गिअरबॉक्स उतरवावाच लागतोय बघा.” म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर त्याच हातासरशी क्लच प्लेटही.

मी हो म्हणणारच होतो. पण आमच्या गल्लीत सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते चहाचा कप हातात घेऊनच गाडीजवळ आले, बॉनेट उघडायला लावले आणि म्हणाले, “आधी धुऊन तर बघा की. तेल काय मागावरच्या धाग्यासारखं सरळ येतंय होय? उतार दिसेल तिकडं पळतंय ते.”

धुऊन पाहिले. गळती मागच्या सीलमधून नव्हतीच. ती होती इंजिनाच्या वरच्या भागात, डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, एका रबरी रिंगमधून. तिथून तेल गिअरबॉक्सच्या पाठीवरून ओघळत नेमके मागच्या सीलखाली येऊन टपकत होते. रिंगची किंमत दोघांच्या चहा-भज्यांपेक्षा कमी. शोधायला दोन दिवस लागले, बदलायला दोन तास.

जुनी गाडी असलेल्या वाचकांना त्या दोन दिवसांचा हिशोब उपयोगी पडेल म्हणून हा लेख. उदाहरण माझ्या गाडीचे असले तरी रीत कुठल्याही जुन्या पेट्रोल-डिझेल गाडीला लागू पडते. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पान्याला हात लावू नका. थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या.

पाझर, ठिबक की धार?

सोलापूर जिल्ह्याला पाझर तलाव आणि ठिबक सिंचन शिकवायला नको. तेच शब्द इथे वापरू.

पाझर म्हणजे इंजिनाच्या जोडावर तेलाचा ओलसर थर, त्यावर धूळ बसून झालेला काळा चिखल, पण जमिनीवर काही नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला एवढे चालते. पुसा, लक्ष ठेवा, घाई नको.

ठिबक म्हणजे रात्रभरात जमिनीवर काही थेंब. दुरुस्ती करायची, पण नीट शोधून. तोवर दर आठवड्याला डिपस्टिक बघायची. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरच्या आत-बाहेर फरक असतो. पातळी खालच्या खुणेकडे किती दिवसांत सरकते यावरून गळतीचा वेग कळतो.

धार म्हणजे इंजिन चालू असताना डोळ्यांदेखत ओघळ. किंवा तेलाचा दिवा लागणे, किंवा सायलेन्सरकडून जळक्या तेलाचा वास आणि निळसर धूर येणे. अशी गाडी चालवायची नाही. तेल संपले तर काही मिनिटांत बेअरिंगे धरतात, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले तेल पेट घेऊ शकते. तेल टायमिंग बेल्टवर किंवा क्लचवर जात असेल तर थेंब कितीही लहान असला तरी ती धारच समजा, कारण तेलाने भिजलेला बेल्ट लवकर जातो आणि क्लच घसरू लागतो.

आधी तेलच आहे ना ते पाहा

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा. खाली जुना ‘संचार’ पेपर नाहीतर पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या दोन्ही चाकांची जागा खडूने आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला हे चाकांच्या संदर्भाने सांगता आले पाहिजे.

तपकिरी-काळे आणि बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागणारे ते इंजिन ऑइल. जास्त घट्ट, मधासारखे आणि गंधकासारखा उग्र वास येणारे ते गिअर ऑइल. हिरवे किंवा लालसर, पाण्यासारखे पातळ आणि गोडूस वासाचे ते रेडिएटरचे कूलंट. ते चाखू नका, विषारी असते, आणि कुत्र्या-मांजरांपासूनही लांब ठेवा. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली पिवळसर पातळ द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल, आणि मग बाकी सगळे सोडून आधी ब्रेक. उन्हाळ्यात एसी लावून आल्यावर पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

वास घ्यायची ही सवय मागच्या सीलच्या वादात फार कामाची. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या भागातून, म्हणजे बेल हाऊसिंगमधून, टपकणारे तेल इंजिनाचे असेल तर एक सील. गिअरबॉक्सचे असेल तर दुसरेच.

इंजिनाला आंघोळ

घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली चप्पल शोधणे. जुने तेल, धूळ, पानांचा चुरा हे सगळे आधी निघाले पाहिजे. नव्वद टक्के लोक नेमके हेच टाळतात आणि मग तीन-तीन पॅकिंगा बदलून बसतात.

इंजिन पूर्ण गार हवे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, काही दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीसलाही टेकतो. दुपारी फिरवून आणलेली गाडी संध्याकाळपर्यंतही हात लावू देत नाही. पहाटेची वेळ धरा. त्याहून बरे म्हणजे हे काम संक्रांत उरकली की फेब्रुवारीच्या आधीच करून टाका.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डेल्को, कॉइल, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबरबँड लावा. वाटीभर डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश घ्या, नाहीतर बाजारात मिळणारा डीग्रीझर. पेट्रोल कदापि नको. त्याची वाफ एका ठिणगीने भडकते. थर मऊ झाला की लाकडी काडीने खरवडा, भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, कापडाने टिपा. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा फवारा वायरिंगच्या जोडांत आणि डेल्कोत पाणी घालतो, म्हणून तो नको. खाली ट्रे ठेवा आणि पडलेली घाण बरणीत भरा.

पुसायला सोलापुरात कापडाची वाण नाही. जुना टेरी टॉवेल बाहेरून पुसायला उत्तम, पण त्याचे धागे सुटतात. झाकण उघडल्यावर आत जे फडके जाणार ते जुन्या, धुऊन गुळगुळीत झालेल्या बनियनचे हवे. सुताचे वेस्ट इंजिनाच्या आत नेऊ नका. त्यातला एक गुंता तेलाच्या जाळीत अडकला तर तेलाची वाट बंद.

पावडर लावा आणि वाट पाहा

इंजिन कोरडे झाले की संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. जुन्या पायमोज्यात पावडर भरून हलकेच आपटली की सारखा पांढरा थर बसतो. पट्टे आणि पंखा यांच्यापासून लांब. आता पिशव्या काढा, बॅटरी जोडा, मोकळ्या हवेत गाडी पंधरा-वीस मिनिटे उभ्या जागी चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही.

गाडी बंद करा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने, जिथे डोके जात नाही तिथे दाढीच्या आरशाने पाहा. पांढऱ्या थरावर तेल काळी रेघ ओढते. रेघेचे खालचे टोक विसरा. तिचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधा. वरचे कशासाठी, तर तेल उताराने येते. पुढचे कशासाठी, तर चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो. म्हणून पुढच्या जोडातली गळती मागे दिसते, मागची पुढे कधी दिसत नाही.

उभ्या गाडीत रेघ उमटली नाही तर चालवून बघा. वेगात तेलाचा दाब आणि इंजिनाची उष्णता दोन्ही वाढतात. तुळजापूर रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन या आणि लगेच बॉनेट उघडा. तरीही चकवा बसला तर तेलात मिसळायचा चमकणारा डाय मिळतो. तो टाकून शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवायची आणि रात्री अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या अतिनील बॅटरीने इंजिन बघायचे. गळतीचा उगम पिवळा-हिरवा चमकतो.

माझ्या गाडीत पावडरीनेच काम झाले. बेल हाऊसिंगवरची रेघ वर-वर चढत हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला गेली आणि डेल्कोच्या बुडाशी थांबली. चेंबर ठणठणीत कोरडे.

इंजिन श्वास घेते का?

उगम सापडला म्हणून लगेच पाना उचलू नका. एक प्रश्न राहिलाच: तिथूनच तेल बाहेर का पडले?

पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर पडायला टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे किंवा इनटेककडे जाणारी एक नळी असते. काही गाड्यांत तिच्यात पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. घर ते मंडई, मंडई ते शाळा, असा तीन-चार किलोमीटरचाच प्रवास रोज होत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याची वाफ राहते आणि या नळीत दुधाळ-पिवळा गाळ बसतो. नळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सगळ्यांत दुबळ्या जोडातून वाट काढते. अशा वेळी तुम्ही एक सील बदलले की तेल पुढच्या दुबळ्या जागी जाते. “सील बदललं तरी लीकेज हाय” या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

तपासणी सोपी आहे. इंजिन मंद चालू असताना तेल भरायचे झाकण काढून भोकावर सैल ठेवा. किंचित थरथर चालेल. झाकण उड्या मारू लागले, धूर भसाभसा आला, तर दाब आहे. नळी काढून फुंकून बघा, डिझेलने धुवा, चिरली असेल तर बदला. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवल्यावर आत टकटक वाजला पाहिजे. गप्प असेल तर साफ करा किंवा नवा घाला. नळी साफ असूनही दाब जोरात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग गळतीचे दुखणे मोठ्या आजाराचे लक्षण असते आणि घरच्या औषधाने जात नाही.

दाब वाढायचे दुसरे कारण आपल्याच हातचे: जास्त भरलेले तेल. उरलेले बाटलीत कशाला ठेवायचे म्हणून ओतलेले दोनशे मिली वरच्या खुणेच्या पलीकडे जाते आणि कुठून तरी बाहेर येते.

वरून खाली, संशयितांची रांग

ज्या क्रमाने तपासायचे त्याच क्रमाने सांगतो. तेल भरायच्या झाकणाचे रबर. टॅपेट कव्हरची पॅकिंग. डेल्कोची रिंग आणि तो ज्या घरात बसतो त्याची पॅकिंग. कार्बोरेटरच्या गाडीत यांत्रिक पेट्रोल पंपाची पॅकिंग. कॅमशाफ्टचे सील. तेलाच्या दिव्याचा स्विच. ऑइल फिल्टर. हेड गॅस्केट. क्रँकचे पुढचे सील. चेंबरची पॅकिंग. ड्रेन बोल्टचा वॉशर. आणि शेवटी, अगदी शेवटी, मागचे ऑइल सील. गॅरेजमध्ये ही रांग उलटी लागते, कारण खाली वाकले की पहिल्यांदा तेच दिसते.

यातली तीन कामे दहा मिनिटांची आहेत, ती आधी करून टाका. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घाला. जुना दाबून चपटा झालेला असतो आणि बोल्ट जास्त आवळून तो भरून निघत नाही, उलट आटे जातात. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले नाही ना, बोट फिरवून पाहा. दोन रबरे एकावर एक बसली की इंजिन चालू करताच धार लागते. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचे बोट लावा, रबर टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर हातानेच साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळे छापले असेल तर तसे. तेलाचा स्विच वायरच्या टोकाशी ओला दिसला तर त्याच्या पोटातले सील गेले आहे. आवळून उपयोग नाही, नवाच घाला. त्याच्या आट्यांना टेप गुंडाळू नका. तो स्विच आट्यांतूनच अर्थिंग घेतो. टेप मध्ये आली तर दिवा लागणारच नाही, आणि तेल संपल्याचे कळणार नाही.

डेल्कोची रिंग

आता माझे प्रकरण. ज्यांच्या गाडीला डेल्को आहे त्यांना ही पद्धत तशीच वापरता येईल. नव्या गाड्यांत डेल्को नसतो, पण त्या जागी असलेल्या सेन्सरलाही अशीच ओ-रिंग असते.

इंजिन गार, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटलेली. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. प्लगच्या तारांना चिकटपट्टी लावून नंबर द्या. कॅप काढली की आत रोटर दिसतो; त्याचे टोक ज्या दिशेला आहे तिथे डेल्कोच्या कडेवर नेलपॉलिशची एक खूण. डेल्कोचे अंग आणि ते ज्या घरात बसते ते घर, या दोघांवरून जाणारी दुसरी खूण. या क्षणापासून इंजिन एक केसभरही फिरता कामा नये. गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही, चावी फिरवायची नाही, आणि घरातल्या पोराला स्टिअरिंगवर बसवायचे नाही.

व्हॅक्युमची नळी आणि वायर काढा, पकडीचा बोल्ट सोडा आणि डेल्को डावीकडे-उजवीकडे हलकेच डुलवत सरळ ओढा. दात तिरके असल्यामुळे बाहेर येताना रोटर थोडा फिरतो. फिरून थांबला तिथे तिसरी खूण करा. ही तिसरी खूण विसरली की परत बसवताना एक दात इकडे-तिकडे होतो आणि गाडी चालूच होत नाही.

खाचेतली जुनी रिंग पाहून मला कळले की ती का गळत होती. रबर बोटाने दबेना. काडीने उचकटताना कडक भाकरीसारखे कटकन मोडले. गाडीचा यात दोष नाही. साधे नायट्राइल रबर वर्षानुवर्षे शंभर अंशांच्या आसपासच्या तेलात राहिले की वाळतेच, आणि आपल्याकडे बॉनेट उन्हातही तापते.

तुटलेले तुकडे मोजून काढा, आत पडू देऊ नका. खाच काडीने आणि फडक्याने साफ करा. स्क्रू ड्रायव्हर ओढला तर ओरखडा पडतो आणि तोच नवी वाट होतो. तुकडे किंवा डेल्कोच घेऊन दुकानात जा. रिंगचा आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. नळाच्या सामानातली रिंग मापाला बसली तरी घेऊ नका. तेलात ती फुगून सैल होते. विटॉनची मिळाली तर चार पैसे जास्त द्या, ती जास्त उष्णता सोसते.

नवी रिंग तेलात बुडवून खाचेत सरळ बसवा, पीळ नको, सीलंट नको. रोटर तिसऱ्या खुणेवर ठेवून डेल्को आत सरकवा; तो बसताना फिरत पहिल्या खुणेवर आला पाहिजे. नाही आला तर काढा आणि पुन्हा बसवा. अंगाची आणि घराची खूण जुळवून बोल्ट आवळा. गाडी चालू झाली म्हणजे काम झाले असे नाही. चांगल्या गॅरेजमध्ये टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग एकदा तपासून घ्या. कॅपच्या आतही तेल सापडले, तर डेल्कोच्या दांड्याचे आतले सील गेले आहे. तो डेल्को उघडावा लागतो.

टॅपेट कव्हर आणि सीलंटचा मोह

घरी सर्वांत जास्त वेळा निघणारे काम टॅपेट कव्हरचे. झाकण काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. अॅल्युमिनियमवर पाते चालवू नका. नवी रबरी पॅकिंग कोरडीच बसते. कॅमच्या टोकाला जिथे अर्धगोल आणि सपाट भाग मिळतात त्या कोपऱ्यांत सीलंटचा तांदळाएवढा ठिपका पुरे. बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. पाना डोक्याजवळ दोन बोटांनी धरा म्हणजे जोर मर्यादेत राहतो. बरीचशी कव्हरे आवळून-आवळूनच गळायला लागलेली असतात: पत्रा बोल्टाजवळ वाकतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते.

चेंबर घरी काढायचे असेल तर आधी जिवाची व्यवस्था. एकट्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक भाराखाली एकदम फुटतात. लोखंडी स्टँड दोन, मागच्या चाकांना उटी, हँडब्रेक, आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवलेले. मग अंगाखाली जुनी सोलापुरी चादर अंथरून निवांत काम करा.

पॅकिंगऐवजी सीलंट सांगितले असेल तर दोन्ही बाजू तेलाचा अंशही न राहता पुसा, तीन मिलिमीटरची अखंड रेघ बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने काढा आणि ट्यूबवर दिलेला वेळ, शक्यतो अख्खा दिवस, तेल न भरता थांबा. आपल्याकडे ‘अॅनाबॉन्ड जरा जास्तच लाव’ म्हणायची पद्धत आहे. बाहेर आलेला मणी दिसतो, पण तेवढाच मणी आतही आलेला असतो; तो सुटून तेलाच्या जाळीवर बसला की इंजिन उपाशी. आणि बाहेरून तेलकट पत्र्यावर एम-सील थापणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग.

इथे थांबा

कॅमशाफ्ट आणि क्रँकच्या पुढच्या सीलसाठी टायमिंग बेल्ट काढावा लागतो. खुणांचा पक्का अनुभव नसेल तर हे काम बेल्ट बदलायच्या वेळी गॅरेजमध्येच करून घ्या. पण मिस्त्रींना एक सांगा: सीलची धार वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घासून शाफ्टवर खोबण पडलेली असते. खोबण नखाला लागत असेल तर जागा असल्यास नवे सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवायचे, म्हणजे त्याची धार कोऱ्या पृष्ठभागावर येते. १९९२ मध्ये स्थापन झालेली, देश-परदेशातल्या गाड्यांसाठी कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्याच गावची. शाफ्टचा पृष्ठभाग किती गुळगुळीत लागतो हे तिथे काम केलेला कुणी भेटला तर विचारा. नव्या सीललाही खरबरीत शाफ्ट चालत नाही.

हेड गॅस्केट आणि मागचे सील हीसुद्धा घरची कामे नव्हेत. मात्र गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्यापूर्वी वरची रांग संपलेली हवी, नळी साफ झालेली हवी आणि पावडरीवर रेघ बेल हाऊसिंगच्या आतूनच येताना तुम्ही पाहिलेली हवी. तो फोटो मिस्त्रींना दाखवा. चांगल्या मिस्त्रींना त्याचा राग येत नाही.

गळती थांबवणारी औषधेही बाजारात मिळतात. ती वाळलेल्या रबराला काही काळ मऊ करतात. मागच्या सीलच्या बारीक ठिबकीवर दिवस काढायला चालतील. फाटलेल्या पॅकिंगवर काही उपयोग नाही. जाड ग्रेडचे तेल घालून ठिबक कमी दिसते, पण ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेतलाच ठेवा.

दुचाकीवाल्यांसाठी

स्प्लेंडरसारख्या गाडीखाली डाव्या बाजूला काळे तेल दिसले तर आधी पुढच्या चेन स्प्रॉकेटचे झाकण उघडा. निम्म्या वेळा ते चेनला लावलेले तेल असते; उडून झाकणात साठते आणि टपकते. ते साफ करून पुन्हा आले, तर स्प्रॉकेटच्या किंवा गिअर लिव्हरच्या दांड्याचे सील तपासा. पुष्कळ गाड्यांत ही सीले इंजिन न उघडता बाहेरून निघतात. नवे सील तेवढ्याच व्यासाच्या गोटी पान्याने सारखे ठोकून बसवायचे, तिरके नाही.

तेल मोजताना गाडी मेन स्टँडवर सरळ, आणि डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून. फिरवून मोजले की तेल जास्त दिसते, नि मग कमी भरले जाते. ड्रेन बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसतो. तिथे लांब पाना वापरणे म्हणजे आटे घालवणे. आणि मागच्या टायरवर तेलाचा शिंतोडाही दिसला तर आधी टायर साबणाने धुवा, मग गाडीवर बसा.

पेपर कोरडा निघेपर्यंत

काम संपले की हात साबणाने दोनदा धुवा. वापरलेले इंजिन ऑइल कातडीला घातक असते. हातमोजे घातले असतील तर उत्तमच. निघालेले तेल गटारात किंवा झाडाबुडी नको. ते घातक कचऱ्यात मोडते. कॅनमध्ये भरून, जुने तेल रीतसर पुनर्वापराला देणाऱ्या वर्कशॉपला द्या. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा किंवा राख रात्रभर ठेवा, सकाळी धुण्याच्या पावडरीने घासा; शहाबादीत मुरलेला डाग फिका होतो, पुसला जात नाही.

मग पुन्हा पेपर अंथरा. एक रात्र पुरत नाही, कारण कोपऱ्यात अडकलेले जुने तेल दोन-तीन दिवस उतरत राहते. गाडी रोज चालवा, रोज सकाळी पेपर बघा, डिपस्टिक बघा. तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि कोणत्या मापाचे, हे वहीत लिहून ती गाडीत ठेवा.

पहिल्या सकाळी तीन थेंब होते आणि माझा धीर सुटला. काका म्हणाले, “थांबा की.” दुसऱ्या सकाळी एक थेंब. चौथ्या सकाळी पेपर ओढून काढला तो कोराच. उभ्या-उभ्या उलटापालटा करून पाहिला, मग पायरीवर बसलो आणि आठवड्यापूर्वीच्या बातम्या शेवटच्या पानापर्यंत वाचून काढल्या.